धाड वगळून

सुधाकरराव बाहेकर राग धरत तो मोजूनमापून, चारी बाजूंच्या हद्दी कायम करून. पंचवीस वर्षं मोजणी खात्यात लिपिकी केल्यावर माणसाचं रागावणंसुद्धा शिस्तीचं होतं. त्यामुळे बुलढाण्याहून अजिंठ्याला जाऊन येण्याच्या चार दिवसांच्या सायकल सहलीचा मार्ग त्यांनी आखला, तेव्हा धाड जवळ येताच त्यांची लाल रेघ डांबरी रस्ता सोडून डोंगरात शिरली, दोन चढ चढली, एक नाला ओलांडून गेली आणि चौदा किलोमीटरचा वळसा घेऊन गावाच्या पार पलीकडे पुन्हा रस्त्याला लागली. धाड ही सुधाकररावांची सासुरवाडी होती.

अकरा वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या, म्हणजे शेषरावच्या लग्नात, वरातीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर धाकट्या जावयाला बसवलं आणि थोरल्या जावयाला, म्हणजे ह्यांना, जनरेटरच्या टेम्पोत. अडीच तास तो जनरेटर ह्यांच्या मांडीला मांडी लावून धडधडत होता. नव्या सफारी सुटाला लागलेला डिझेलचा वास तीन धुण्यांत गेला नाही. परतताना एसटीत त्यांनी स्नेहलताबाईंना स्पष्ट बजावलं, "तुझ्या माहेरच्यांनी पालखी पाठवली तरी मी आता धाडला पाय ठेवणार नाही." हा निरोप जसाच्या तसा पोचेल आणि आठ-पंधरा दिवसांत सासरची मंडळी हात जोडत दारात येतील, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. आठ-पंधरा दिवसांची अकरा वर्षं झाली. हात जोडत कोणी आलं नाही. शेषराव बहिणीला राखीपौर्णिमेला न्यायला यायचा तेव्हा हे मागच्या दाराने निघून कार्यालयात जाऊन बसत, आणि रविवार असला तर कार्यालयाच्या पायरीवर. पण रुसलेल्या माणसाने स्वतःहून विषय काढायचा नसतो, एवढा स्वाभिमान त्यांच्यात होता.

सायकल मंडळात एकूण चौघे. नेते स्वतः सुधाकरराव. दुसरे गुलाबराव, औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना स्वतःच्या दुकानातल्या निम्म्या गोळ्या चालू होत्या. तिसरे शाळेत गणित शिकवणारे शेखर सर. चौथा पाटबंधारे खात्यातला संघपाल, वयाने सर्वांत लहान आणि चढावर धाप न लागता बोलू शकणारा एकटाच.

"साहेब, धाडवरून सरळ रस्ता आहे न," नकाशा पाहून संघपाल म्हणाला. "हा वळसा काऊन?"

"वाहतूक फार असते."

"धाडले? कशाची?"

"बैलगाड्यांची," सुधाकरराव म्हणाले आणि नकाशाची घडी घातली.

रजेचं प्रकरण तर विचारूच नका. मुख्यालय सोडायची परवानगी लागते. वरच्या साहेबांनी अर्ज तीनदा परत पाठवला. पहिल्यांदा, मार्ग नमूद नाही. दुसऱ्यांदा, वाहनाचा क्रमांक नाही. सायकलला क्रमांक नसतो हे पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने दुसऱ्या तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला लेखी कळवायचं! तिसऱ्यांदा साहेबांनी समोर बोलावून काळजीच्या सुरात विचारलं, "बाहेकर, एसटी बंद आहे का?" अखेर परवानगी मिळाली, तीत "मार्गे बोरखडी, वाघझरा (धाड वगळून)" असं टंकलेलं होतं. कंसातले शब्द सुधाकररावांनी मुद्दाम घालून घेतले होते. प्रतिज्ञेवर सरकारी शिक्का बसल्यासारखं त्यांना वाटलं.

शेजाऱ्यांनीही काही कमी केलं नाही. सायकलीसाठी मागवलेली, बैठकीला जाड गादी शिवलेली चड्डी दोरीवर वाळत घातली, तर समोरच्या काकूंनी स्नेहलताबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं की कोणत्या डॉक्टरांचं चालू आहे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी खिशात कांदा ठेवायला सांगितलं. उन्हाळ्यात ठीक आहे हो, पण पावसाळ्यात कांदा कशाला? "असू द्यावा," मास्तर म्हणाले.

एवढं सगळं तपासणाऱ्या माणसाकडून एक गोष्ट राहिली. पावसाचा अंदाज पाहिला, सुट्ट्या पाहिल्या, वाऱ्याची दिशा पाहिली. फक्त श्रावणाच्या आधी छापलेला "अधिक" हा शब्द पाहिला नाही. दर तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो आणि त्यात सासरच्यांनी जावयाला घरी बोलावून, पाय धुऊन, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक जावयाला झोपेतही ठाऊक असतं. पण ज्या माणसाला अकरा वर्षांत कोणी बोलावलंच नाही, त्याच्या घरी अधिकमास येतो आणि जातो तो कॅलेंडरचं पान उलटण्यापुरता. महिना संपायला चार दिवस उरले होते. गावोगावच्या सासुरवाड्या राहिलेले जावई उरकत होत्या. आणि सुधाकररावांनी स्वतःसकट तीन जावई घेऊन नेमक्या त्याच गावांमधून मार्ग काढला होता.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघाले. निघताना स्नेहलताबाईंनी त्यांच्या फोनवर काहीतरी दाबून दिलं, म्हणजे ते कुठे आहेत हे त्यांना घरबसल्या दिसत राहील. पहिले दहा किलोमीटर सुंदर गेले. धुकं होतं, डोंगर हिरवेगार होते, गुलाबराव अजून बोलू शकत होते. पहिल्या दिवसाचं उद्दिष्ट बासष्ट किलोमीटर होतं.

बोरखडीच्या वेशीवर आठ-दहा माणसं रस्ता अडवून उभी होती. सुधाकररावांना वाटलं, मोर्चा आहे.

"आले, आले! जवाई आले!" एकजण ओरडला आणि त्याने गुलाबरावांच्या सायकलीचं हँडल धरलं. गुलाबरावांनी आदल्या रात्री सायकलीबरोबरचा फोटो मार्गासकट स्टेटसला टाकला होता. बोरखडी त्यांची सासुरवाडी.

"आमचं वेळापत्रक आहे," सुधाकररावांनी नेत्याच्या आवाजात सांगितलं.

"असू द्या न. त्यालेबी वाढतो. जवाई दारावरून उपाशी गेला तं गाव काय म्हनन आमाले?"

सकाळी साडेसातला पुरणाचे धोंडे! जोडीने बसायची रीत, पण बायको बुलढाण्याला, म्हणून तांब्याला टेकून फोन उभा केला आणि गुलाबरावांच्या सौभाग्यवती व्हिडिओवरून पाटाशेजारी बसल्या. सासूबाईंनी त्यांच्या पडद्याला हळदकुंकू लावलं. पडद्याआडून त्या ओरडत होत्या, "अहो, दुसरा धोंडा घेऊ नका, शुगर आहे! आई, त्याइले तूप नको वाढू!" पण आवाज कोणीतरी आधीच बंद केलेला होता.

संघपाल एका बाजूला उभा होता. "आजोबा, आमच्या घरी हे धोंडे वगैरे काही नसते," त्याने गुलाबरावांच्या सासऱ्यांना नम्रपणे सांगितलं.

"धोंडे नसतीन, पोट तं हाय न?" म्हातारे म्हणाले, आणि त्याच्यासमोर ताट आलं.

मग म्हातारे सुधाकररावांकडे वळले. "साहेब, तुमची सासुरवाडी कोनती? तुमचे धोंडे झाले का?"

प्रश्न अगदी साधा होता. सुधाकररावांनी ताटातलं पुरण बोटाने सारखं केलं. "आमची दूर आहे. तिकडे नागपूरकडे," ते म्हणाले.

"अन् बलावलं नाई?" म्हाताऱ्यांनी चुकचुकत त्यांच्या ताटात आणखी एक धोंडा घातला. तो दयेचा धोंडा होता हे न कळायला सुधाकरराव काही मूर्ख नव्हते. फार चीड आली त्यांना. म्हाताऱ्यांची नाही, धाडची. लोक परक्या माणसाला वाढतात, आणि थोरल्या जावयाची अकरा वर्षांत कोणाला आठवण होऊ नये?

साडेनऊला सुटका झाली. पोटात पुरण आणि समोर पहिला चढ. गुलाबराव तो चढ पायी चढले आणि दर पन्नास पावलांवर तांब्याचं ताट, दिवा आणि तेहतीस अनारसे भरलेल्या पाठपिशवीसह खाली बसले.

दुसऱ्या चढाच्या डोक्यावर वाघझरा, शेखर सरांची सासुरवाडी. शेखर सरांची सासू वारलेली, सासरा मुंबईला, त्यामुळे त्यांनी शपथेवर सांगितलं होतं की इथे काही धोका नाही. सासूच्या चुलत भावाचं घर त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं.

"बाई नाई म्हनून काय जवाई वाऱ्यावर सोडा लागते का?" चुलतमामा म्हणाले. पुन्हा पाट, पुन्हा पाय धुणं, पुन्हा धोंडे. पुन्हा तोच प्रश्न, आणि ह्या वेळी सबंध ओसरीसमोर. "साहेबाचे धोंडे कधी हायेत?"

"साहेबांच्या सासरचे लोक जरा तसेच आहेत," शेखर सर मदत करायला गेले.

सुधाकरराव ताडकन उठले. त्यांच्या सासरच्यांना नावं ठेवायचा हक्क फक्त त्यांचा होता. "तसे म्हणजे कसे, सर? तुमाले काय माहीत ते कसे हायेत?" कार्यालयीन मराठी सुटून ते वऱ्हाडीवर आले की ते खरंच रागावलेत असं मंडळी समजत. सर्वजण उठून सायकलींकडे गेले.

दुपारचे दोन वाजले होते आणि बासष्टांपैकी तेवीस किलोमीटर झाले होते. वाघझऱ्याखाली उतारावर बाभळीच्या काट्याने सुधाकररावांचं मागचं चाक बसलं. नेत्याने अर्थातच पंक्चरचं सामान आणलं होतं. ते गुलाबरावांच्या पिशवीत दिलं होतं.

"ते मी बोरखडीले काढून ठेवलं," गुलाबराव म्हणाले. "अनारसे मावत नव्हते."

ह्यावर बोलण्यासारखं बरंच होतं. पण पुढे नाल्याच्या फरशी पुलावरून कमरेएवढं पाणी जात होतं आणि त्याचा आवाज मोठा होता. काठावर बसलेल्या दोघांनी सांगितलं की पाणी उतरायला उद्या सकाळ होईल, आणि पंक्चरवाला म्हणाल तर तो, नाल्याच्या अलीकडूनच फुटणाऱ्या वाटेने, धाडला.

"दुसरीकडे नाही?"

"बुलढान्याले हाय."

"मग धाडवरून जाऊ," संघपाल म्हणाला.

"मुळीच नाही! परवानगीत लिहिलेलं आहे, धाड वगळून!" सुधाकररावांनी परवानगीचा कागद काढून दाखवला. काठावरच्या दोघांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

तेवढ्यात मागून कचरूची पिकअप आली. कचरूचा धंदा बकऱ्यांचा. बाजारात न विकलेल्या बारा बकऱ्या घेऊन तो धाडला परतत होता. बाकीचे तिघे सायकलने येतो म्हणाले. सुधाकररावांना दोनच वाटा होत्या, नाल्याच्या काठी रात्र काढणं किंवा कचरू. पाऊणएक तास ते दगडावर बसून राहिले आणि कचरू बिडी ओढत थांबला. मग पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले.

"मी पुढे बसतो," ते शेवटी उठत म्हणाले.

"पुढं करडं हायेत, कालची. थंडी लागते त्याइले. तुमी मांगं बसा."

सासुरवाडीला जाताना जावयाला मागे आणि करडांना पुढची सीट! एका बकरीने त्यांच्या मोज्याची लोकर चावून पाहिली. त्यांनी पाय वर घेतला. तक्रार करायची तरी कोणाकडे?

धाडच्या स्टँडवर पंक्चरच्या दुकानासमोर उतरताना त्यांनी पूर्ण तयारी केली होती. हेल्मेट घट्ट, काळा चष्मा, नाकावर रुमाल. ह्या वेषात सख्ख्या आईनेही ओळखलं नसतं. पंक्चरवाल्याने ट्यूब हातात घेऊन तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हिचा वॉल आपल्या पंपात बसत नाई. परदेशी दिसते. उद्या पोरगा चिखलीहून कायतरी आनन."

"उद्या?" सुधाकरराव रुमालातून किंचाळले.

आणि मागून आवाज आला, "जवाईबापू!"

सत्तरी ओलांडलेल्या सत्यभामाबाई, त्यांच्या सासूबाई, हातात तबक, तबकात निरांजन, रस्त्यातून चालत येत होत्या. मागे शेषराव छत्री धरून, आणि त्याच्यामागे गल्लीतले पंधरा-वीस लोक. बुलढाण्यात बसून फोनवरचा ठिपका धाडकडे सरकताना पाहून स्नेहलताबाईंनी दुपारीच आईला कळवलं होतं.

"पाहा, जवाई असावा तं असा!" सत्यभामाबाई जमलेल्या लोकांना सांगत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सुट्टी भेटत नाई, गाडी भेटत नाई, तं सायकल मारत धोंड्याले आले. महिना सरू देल्ला नाई!"

लोकांनी मान डोलावली. एका म्हाताऱ्याने आपल्या जावयाकडे, जो तिथेच उभा होता, तिरस्काराने पाहिलं. सुधाकररावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यात पेढा गेला. शेषरावने त्यांची सायकल खांद्यावर घेतली आणि मिरवणूक घराकडे निघाली.

घरी ऊन पाणी, पाट, रांगोळी. इतक्यात बाकीचे तिघेही पोचले आणि दिवसातल्या तिसऱ्या पंगतीला बसले. संघपालने पोटावरून हात फिरवत हळूच सांगितलं, "साहेब, आमच्याकडं धोंडे नसतेत अन् मीच सगळ्यात जास्त खाऊन राह्यलो."

सासूबाईंना सुधाकरराव मामी म्हणत. मामी त्यांचे पाय धुता धुता बोलत होत्या. "स्नेहल दर खेपेले सांगे, मोजनीवर गेले, दौऱ्यावर गेले. म्या म्हटलं, सरकारनं एका मानसाले इतकं राबवू नाई. शेषराव राखीले आला तं रईवारीबी तुमी हापिसात! मागच्या धोंड्याचं घड्याळ चालते न बराबर? कपडे अंगाले बसले न?"

सुधाकररावांनी मनगटाकडे पाहिलं. ते घड्याळ भिशीच्या पैशातून घेतल्याचं स्नेहलताबाईंनी सांगितलं होतं. मागच्या तीन अधिकमासांची वाणं बिनबोभाट त्यांच्या अंगावर चढली होती, अनारसे पोटात गेले होते. आणि सर्वांत भयंकर गोष्ट त्यांच्या आता ध्यानात आली. अकरा वर्षं त्यांनी जो राग एवढ्या निगुतीने सांभाळला, त्याचा ह्या घरात कोणाला पत्ताच नव्हता! एवढा अपमान तर जनरेटरनेही केला नव्हता.

"मामी," ते पाटावरून उठले. "मी कामात नव्हतो. मी रुसलो होतो."

गुलाबरावांचा घास हातातच राहिला.

"कोनावर?"

"तुमच्यावर. सगळ्यांवर. अकरा वर्षं झाली." आणि त्यांनी सगळं सांगितलं. जीप, पुढची सीट, धाकटा जावई, जनरेटर, सफारी.

सत्यभामाबाईंनी मुलाकडे पाहिलं. "तुले ठाव होतं का बे?"

"आई, माह्यं लगन होतं. मी घोड्यावर होतो," शेषराव म्हणाला.

म्हातारीने हातातला तांब्या खाली ठेवला. हसतील असं सुधाकररावांना वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. "चुकलंच आमचं," त्या म्हणाल्या. "थोरल्या जवायाले असं बसवाचं नसते. पन बापू, रुसाचं असन तं सांगून रुसा लागते. न सांगता रुसलेल्या मानसाले कोन मनवीन? म्या अकरा वर्सं तुमची वाट पाहात होती, तुमी माही पाहात होते."

सुधाकरराव अंगणात गेले आणि त्यांनी बुलढाण्याला फोन लावला.

"तू त्यांना काही सांगितलंच नाहीस?"

"नाही," स्नेहलताबाई शांतपणे म्हणाल्या.

"का?"

"सांगितलं असतं तर ते आले असते. तुम्ही आणखी ताणलं असतं. मग त्यांनाही राग आला असता. आणि येणंजाणं कोणाचं बंद झालं असतं? तुमचं तर बंदच होतं. तुम्ही रुसलात ते ठीक आहे हो. पण मला आई आहे. दर वेळी एकटी जायची, एकटी जेवायची, आणि तुमच्या वाटचं बांधून आणायची."

सुधाकररावांना लाज वाटली. ती त्यांना फारशी सवयीची नव्हती, म्हणून त्यांनी फोन खिशात घातला आणि मनगटावरचं घड्याळ रुमालाने पुसलं. मग आत आले.

आत सत्यभामाबाई पदर खोचून पाटासमोर बसल्या होत्या. "बसा," त्या म्हणाल्या. "आता रुसा. पह्यल्यापासून. आता मले माहीत हाय, आता म्या मनवते."

थट्टा नव्हती. म्हातारी अगदी मनापासून सांगत होती. सुधाकरराव पाटावर बसले, भिंतीकडे तोंड केलं, हाताची घडी घातली आणि जनरेटर आठवायचा प्रयत्न केला. पाठीमागून मामी म्हणत होत्या, "घ्या न बापू एक घास, आमचं चुकलं, आमाले पदरात घ्या." अकरा वर्षं हेच शब्द ऐकायचे होते. आता ते कानांवर पडत होते आणि राग काही येईना.

शेखर सरांनी दबक्या आवाजात विचारलं, "सुधाकरभाऊ, उद्याचं उद्दिष्ट काय?"

त्यांनी तोंड वळवलं नाही. डोळे पुसायचे होते.

"मामी," भिंतीकडे पाहतच ते म्हणाले, "बुलढान्याहून पह्यली एसटी किती वाजता येते? स्नेहलले बलावून घ्या. धोंड्याले जोडीनं बसा लागते."